“एवढे घोडे झालात आणि मावळे-मावळे काय खेळता?” : आमच्या छंदाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की इतिहासातली लढाई परत लढून दाखवायचा आमचा सीझन सुरू होतो आणि त्याच्याबरोबर लोकांचे प्रश्नही सुरू होतात. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना, लग्नाच्या पंगतीत, आणि मी पतसंस्थेत कॅशियर आहे तर पासबुक पुढे सरकवता सरकवता खातेदारसुद्धा विचारतात. तेच ते पंधरा-वीस प्रश्न. सांगून सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. काही उत्तरं फार लांबलीत, काही एका ओळीत संपलीत, ज्याला जेवढं पाहिजे तेवढं वाचा. रागारागाने विचारलेले प्रश्नही घेतलेत, फक्त शिव्या गाळल्यात.

तुम्ही नक्की करता तरी काय? नाटक का?

नाटक नाय. ऊस तुटून गेला की आमच्यातल्या एकाचं साताऱ्याबाहेरचं रान रिकामं होतं, तिथून अजिंक्यतारा, म्हणजे साताऱ्याचा किल्ला, समोर दिसतो. तिथे आम्ही पस्तीस-चाळीस जण दोन रात्री तळ टाकतो. इतिहासातला एक प्रसंग धरायचा, त्या काळचे कपडे घालायचे, राहुट्या ठोकायच्या, तीन दगडांच्या चुलीवर रांधायचं, पखालीतलं (म्हणजे कातडी पिशवीतलं) पाणी प्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावकऱ्यांसमोर लढाई करून दाखवायची. नाटकात पडदा पडला की माणूस मोकळा होतो, इथे कोणी बघत नसलं तरी पीठ मळावंच लागतं, कारण नाही मळलं तर संध्याकाळी जेवायला काय?

ग्रुपमध्ये कोण आहे विचाराल तर एक रिक्षावाला, दोन प्राथमिक शिक्षक, एक वेल्डिंगवाला, एक टेलर (तो नसता तर आम्ही कधीच बंद पडलो असतो), नर्सिंगच्या दोन मुली, आणि बाकी आमच्यासारखे खुर्ची गरम करणारे.

म्हणजे ही फॉरेनची फॅड आहे तर.

बाहेर हे मोठ्या प्रमाणावर चालतं हे खरंच आहे. इंग्लंडात सील्ड नॉट नावाची संस्था १९६८ पासून त्यांच्या यादवी युद्धाच्या लढाया करते. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डला दर जुलैत १४१० सालची लढाई परत लढली जाते. आम्ही व्हिडिओ बघून त्यांच्याकडून बरंच उचललंय, विशेषतः माणसं जखमी न होता गर्दीत हाणामारी कशी करायची ते.

पण फॅड म्हणायच्या आधी जरा आपल्या घरात बघा ना. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला कोण करतं? त्याच्यावर आळीव पेरून, बुरुजावर मावळे ठेवून, शेजारच्या गल्लीतल्या किल्ल्यापेक्षा आपला तट उंच आहे का हे बघणारी पोरं पोलंडमधून आली होती का? दसऱ्याला गावाची शीव ओलांडून सीमोल्लंघन करतो ते काय आहे? मोहिमेवर निघाल्याचीच ती आठवण की. शेजारच्या सांगलीत तर विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर उभं केलं आणि तिथून आपली रंगभूमी सुरू झाली. जुन्या माणसाचं सोंग घेऊन त्याच्यासारखं उभं राहून बघायचं ही आपली जुनीच खोड आहे. आम्ही फक्त सोंग घेतल्यावर उपाशीपण राहतो.

काम नाही का तुम्हाला?

आहे. म्हणून वर्षातून दोनच रात्री.

महाराजांची भूमिका कोण करतं?

कोणीच नाही. आणि हा आमचा पहिल्या वर्षापासूनचा नियम आहे, त्याच्यावर चर्चा होत नाही.

लोकांना वाटतं आम्ही दाढी वाढवून, जिरेटोप घालून, सिंहासनावर बसायला हपापलेलो आहोत. दाढी कोरून स्टेटसला फोटो टाकणारे वेगळे, त्यांना आमचा नमस्कार. आमच्यात कोणीही महाराज होत नाही, संभाजीराजे होत नाही, ताराराणी होत नाही, नावाजलेला सरदारसुद्धा होत नाही. एक तर ती आपली पायरी नाही. आणि दुसरं म्हणजे मोठ्या माणसांबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, निदान माहीत आहे असं वाटत तरी असतं. पण एका किल्ल्यावर महाराज वर्षातून किती दिवस असणार? बाकीचे दिवस तिथे कोण होतं? पाणी भरणारा होता, गस्त घालणारा होता, घोड्याला हरभरे चारणारा होता, रात्री थंडीत तटावर उभा राहून घरच्या म्हशीचा विचार करणारा होता. त्याचं नाव कुठल्या कागदात नाही. आम्ही त्याला शोधतोय. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाला पात्र मिळतं ते असं: “तू पखालवाला, तुझं गाव परळी खोऱ्यातलं, एक पाय अधू.” झालं. ह्याच्यापुढचं तुझं तू शोध.

एका नवीन पोराने मागे विचारलेलं, दादा मग ह्यात हिरो कोण? मी म्हटलं ज्याच्याकडे सुकं सरपण आहे तो.

साताऱ्यात राहून सातारा पडला तोच प्रसंग करता? जिंकलेल्या लढाया संपल्या का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात रागाने येतो, म्हणून सावकाश सांगतो.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. त्याचा डेरा करंज्याला, म्हणजे आज जिथे अपार्टमेंट उभी आहेत तेच आपलं करंजे. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. चार-साडेचार महिने वेढा चालला. एप्रिल १७०० मध्ये मुघलांनी सुरुंग उडवले, त्यातल्या एकाने बुरूज उडाला खरा पण तो आत न पडता बाहेर, त्यांच्याच चढाईला तयार उभ्या असलेल्या फौजेवर कोसळला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ लिहितो की दोन हजारांवर माणसं त्यात गेली. प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. त्याच्या आधीच मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते. शेवटी एप्रिल संपायच्या आत किल्ला वाटाघाटी करून द्यावा लागला, औरंगजेबाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं.

आता मी लहानपणापासून ऐकत आलोय की फितुरी झाली, घाबरले, विकले गेले. कोण म्हणतं? पोट भरून मिसळ खाल्लेला माणूस म्हणतो. मीपण म्हणायचो.

तर पहिल्या वर्षी आम्ही ठरवलं की ‘गडावरच्या’ बारा जणांना दोन दिवसांची ज्वारी मोजून द्यायची, त्याच्यावर दाणा नाही. जात्यावर दळायची पण त्यांनीच. आम्हाला वाटलं दोन दिवसच तर आहेत, उपवास करतोच की आपण. पहिल्या रात्री गाणीबिणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जात्यावर कोण बसणार ह्याच्यावरून कुजबुज. दुपारी बारा वाजता एक शिक्षक आणि एक कर्ज वसुली अधिकारी, दोघंही पन्नाशीचे, दोघंही घरचे बरे, एका अर्ध्या भाकरीवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. खरेखुरे. आम्हाला मध्ये पडावं लागलं. आणि खालून मुघलांच्या तळावरून (तिथे आमचा टेलर रांधत होता) कांदा परतल्याचा वास येत होता.

त्या दुपारनंतर आमच्यातला एकजण पण “फितूर” हा शब्द सहज तोंडातून काढत नाही. दीड दिवसात आमची ही गत, ते साडेचार महिने बसले होते, वर राजा गेल्याची बातमी. किल्ला का दिला ह्यापेक्षा इतके दिवस दिला कसा नाही, हा प्रश्न पडायला लागतो. मला पुस्तकं वाचून तो कधी पडला नव्हता.

म्हणून आम्ही जिंकलेली लढाई करत नाही. त्यात सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतं की आपण जिंकणार, मग नुसती मिरवणूक होते.

मुघल कोण होतं? त्यांना लाज नाही वाटत?

नवीन आलेला माणूस पहिलं वर्ष मुघल. नियमच आहे. कोणीतरी व्हायलाच पाहिजे, नाहीतर वेढा कोणाचा?

तुम्ही हे हिंदू-मुसलमान करायलाच करता ना सगळं?

खरं सांगू का, ही भीती आम्हालापण होती आणि अजून आहे. म्हणून घोषणांची यादी आधीच ठरलेली असते, कुठल्याही धर्माबद्दल वाकडा शब्द निघाला की तो माणूस त्याच क्षणी मैदानाबाहेर. एकदा प्रेक्षकांतून कोणीतरी सुरू केलं तेव्हा आम्ही लढाई थांबवून सगळे खाली बसलो, दहा मिनिटं. गप झाले मग.

आणि तो काळ तुम्ही म्हणता तितका सरळ दोन रंगांचा नव्हता हो. महाराजांच्या पायदळाचे सरनोबत नूरखान बेग, आरमारात दौलतखान, १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यावर नेताजी पालकरांबरोबर चालून गेले त्यात सिद्दी हिलाल. समोरच्या बाजूला बघाल तर अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर, आणि १६६५ ला पुरंदरावर चालून आलेले मिर्झाराजे जयसिंग. औरंगजेबाच्या छावणीत चाकरी करणारे मराठे किती तरी होते. हे आम्ही लढाईच्या आधी लोकांना माइकवरून सांगतो. (माइक त्या काळचा नाही, माहिती आहे.)

आमचा वेल्डिंगवाला मित्र मुसलमान आहे, तो मात्र पाच वर्षं हट्टाने मराठ्यांकडूनच लढतो आणि माझ्यासारखा कॅशियर दोनदा मुघल झालाय. लढाई संपली की दोन्ही फौजांची एकच पंगत.

तुम्ही काय इतिहासकार आहात का? चुकीचं दाखवून इतिहास बिघडवता.

नाही. आमच्यात एकही इतिहासकार नाही, आणि तसं आम्ही कधी म्हणलंपण नाही. जे अभ्यासक आहेत ते कधीमधी येतात, चुका काढतात, आम्ही वहीत लिहून घेतो. एकांनी आमचे एकसारखे भगवे फेटे बघून विचारलेलं, “ही फौज आहे का बँडपथक?” बरोबर होतं त्यांचं. त्या काळी गणवेश नव्हता, ज्याच्या त्याच्या घरचं जे होतं ते अंगावर. पुढच्या वर्षीपासून फेटे गेले, कोरं कापड आलं, कोणाचं मळकं पांढरं, कोणाचं मातकट. फोटो तितके भारी येत नाहीत, काय करणार.

आम्ही एक करतो. प्रत्येक वस्तूपुढे एक पुठ्ठा लावतो. त्याच्यावर लिहिलेलं असतं ‘पक्कं’, ‘अंदाज’ किंवा ‘नाइलाज’. राहुटीच्या सुती कापडापुढे पक्कं, तिच्या शिलाईपुढे अंदाज, आणि रिक्षावाल्याच्या चष्म्यापुढे नाइलाज. २०२४ मध्ये लंडनच्या म्युझियममधून वाघनखं आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा आठवतंय ना किती गर्दी होती? ती वाघनखं ग्रँट डफकडून तिकडे गेलेली, हा डफ इथेच साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, होता. पण ती प्रतापगडावर वापरलेलीच आहेत ह्याची खात्री करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. एवढं मोठं म्युझियम जर हे कबूल करू शकतं तर आम्हाला ‘अंदाज’ लिहायला कसली लाज?

तलवार साठ किलोची होती म्हणतात. तुमच्या तर खेळण्यातल्या वाटतात.

हे साठ किलो कुठून आलं देव जाणे. त्या काळच्या ज्या तलवारी लढाईसाठी केलेल्या आहेत त्या साधारण एक किलो, फार तर दीड. गोडेतेलाची पिशवी हातात धरा, तेवढं. आता ती पिशवी हात लांब करून पाच मिनिटं धरून दाखवा, मग बोलू. साठ किलो म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा जास्त झालं की, ते एका हाताने फिरवत घोड्यावरून लढणार? त्या माणसांना मोठं करायला त्यांच्या हातात पोतं द्यायची गरज नाही.

दांडपट्ट्याचं तर आणखी वेगळं. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंतचं लोखंडी हातमोजंच, मनगट आत अडकून पडतं, वळतच नाही. त्यामुळे सगळा फिरकाव खांद्यातून आणि कमरेतून. मी तीन महिने नुसती काठी घेऊन गच्चीवर फिरत होतो, शेजारच्या काकू म्हणायच्या, “ह्याला वारं लागलं.” २०२४ मध्ये सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं तेव्हा त्याच काकू पेपर घेऊन घरी आल्या.

शस्त्रं बेकायदेशीर नाहीत का? पोलीस धरत नाहीत?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात अधूनमधून मनाई आदेश लागतात, त्यात काठी घेऊन फिरणंसुद्धा अडचणीचं. त्यामुळे आमच्याकडे धार नाही, टोक नाही, कडा दोन-तीन मिलिमीटर जाड ठेवून घासून गोल केलेल्या, आणि तरीही आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवतो, सामान दाखवून येतो. नेताना कापडात गुंडाळून टेम्पोत. ज्याने तलवार हातात घेऊन बुलेटवर रील बनवली त्याला काढून टाकलाय, तो सख्खा मावसभाऊ होता माझा, अजून बोलत नाही.

मारायचे नियम: डोकं, गळा, जांघ बंद. भोसकणं पूर्ण बंद. वार मारायचा तो समोरच्याच्या डोळ्यात बघून, त्याने मान हलवली तरच. पाच वर्षांत मोठी इजा म्हणजे एकाचं करंगळीचं हाड, तेही राहुटीची खुंटी ठोकताना.

बंदुका का नाहीत?

कारण बंदूक आणि दारू (पिण्याची नाही, उडवण्याची) ह्यांचं लायसन्स आमच्या आवाक्यातलं नाही. आमच्याकडे एक लाकडी आहे, नळीला काळा रंग दिलेली. पण तोड्याच्या (जळत्या वातीच्या) बंदुकीचा सगळा विधी आम्ही त्या लाकडावर करतो: शिंगातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी चिमूटभर दारू, तोडा फुंकून त्याच्यावरची राख उडवायची, मग चाप. हे सगळं होईपर्यंत मुघल झालेला पोरगा वीस पावलं धावत येऊन उभा राहतो आणि म्हणतो, “झालं का काका?” पाऊस आला की तोडा विझला, रात्री तोड्याचा निखारा लांबून दिसतो म्हणून हाताच्या आड लपवायचा. मावळ्यांना पावसाळा आणि अंधार का आवडत असेल ते इथे कळतं. ‘ठो’ असा आवाज तोंडाने काढतो, लोक हसतात, हसू द्या.

आणि पिण्याची दारू?

तळावर बंद. घरी गेल्यावर काय करायचं ते बायकोला विचारून करा.

बायका कशाला येतात ह्यात? त्या काळी होत्या का?

ह्याच्यात आमचीच गोची झालेली. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी असा महाराजांचा नियम होता, हे कृष्णाजी अनंत सभासद ह्यांनी १६९७ मध्ये बखरीत लिहून ठेवलंय. म्हणजे काटेकोर गेलं तर मराठ्यांच्या फौजेच्या तळावर बायका नकोत. हे मी मीटिंगमध्ये मोठ्या अभ्यासूपणे सांगितलं. नर्सिंगवाल्या दोघींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग आम्ही औरंगजेबाकडे.” कारण मुघलांच्या तळाबरोबर अख्खा बाजार फिरायचा, वाणी, शिंपी, लोहार, बायकापोरं, सगळं शहरच. तर आता आमच्या मुघल तळावर वैदिणीचं दुकान आहे, हळद-ओवा-सुंठ मांडून बसतात, आणि सगळ्या तळात तेच सगळ्यात अभ्यासपूर्ण काम आहे हे मला मान्य करावं लागलं. एक जण पागोटं बांधून गडावर लढतेपण. तिच्यापुढे पुठ्ठा कुठला लावायचा ह्याच्यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ भांडलो. शेवटी तिनेच लिहिला: ‘आपलं काम बघा’.

आणि ज्यांना वाटतं बायकांचा लढाईशी संबंध नव्हता त्यांनी १७०० ते १७०७ औरंगजेबाशी हा लढा कोणी चालवला ते आठवून बघावं. सातारच्याच माणसाला हे सांगायला लागतं म्हणजे कमाल आहे.

जेवायला काय? बटाटेवडा चालतो का?

नाही राव, तिथेच तर सगळे मरतात. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, साबुदाणा नाही, म्हणजे शेंगदाण्याची चटणी गेली, उपवासाची खिचडी गेली. हे सगळं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे रुळायला फार वेळ लागला. मिरचीपण तिकडचीच पण पोर्तुगीजांनी ती लवकर आणली म्हणून ठेचा वाचला, तेवढ्यावर आम्ही समाधानी. ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा, ताक, गूळ. साखर बंद. कंदी पेढा कोणीतरी खिशातून आणतोच.

चहा नाही. ह्याच्यावर सगळ्यात जास्त माणसं सोडून गेली. दुसऱ्या वर्षी पहाटे तीन जण तळावरून गायब, आम्ही घाबरून शोधतोय, तर हायवेच्या टपरीवर अंगरख्यात बसलेले. टपरीवाल्याने पैसे घेतले नाहीत, म्हणाला मावळ्यांकडून कसे घेऊ. आता पहाटे एक माणूस ‘हेर’ म्हणून अधिकृतपणे बाहेर जातो आणि किटली घेऊन येतो. पुठ्ठा: नाइलाज.

शेतात आग लावाल एक दिवस.

लागली होती. पहिल्याच वर्षी. एक राहुटी. ह्याच्यावर कोणी मला १६७३ चं पत्र वाचून दाखवलं, महाराजांनी चिपळूणकडे तळ टाकलेल्या जुमलेदारांना, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांना, लिहिलेलं. पावसाळ्यापर्यंत दाणा-वैरण पुरवून वापरा, रयतेचं काही उचलू नका, आणि रात्री दिवे तसेच ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असं सगळं बारीक बारीक त्यात आहे. आमच्याकडे उंदीर नव्हता, कुत्रं होतं, त्याने पणती पाडली. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाला जे कळत होतं ते बी.कॉम. झालेल्या माणसाला कळू नये. तेव्हापासून रात्री दिवे बंद, एक माणूस जागा, आणि पाण्याच्या चार घागरी भरलेल्या. फायर एक्स्टिंग्विशरपण आहे, पोत्यात झाकून.

किल्ल्यांवर जाऊन धिंगाणा घालता ना?

किल्ल्यावर कार्यक्रम करतच नाही. तटाला खुंटी ठोकायची नाही, बुरुजावर चूल नाही, हलगी नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, म्हणून नाही, आधीपासूनच. वर्षातून दोनदा अजिंक्यताऱ्यावर जातो ते मंगळाईला नमस्कार करायला आणि वेफर्सची पाकिटं गोळा करायला.

कुठल्या पक्षाचे तुम्ही?

कुठल्याच नाही. २०२४ ला तुतारी वाजवणारा माणूस हे निवडणूक चिन्ह झाल्यापासून आमच्या तुतारीवाल्याची फार पंचाईत झालीय, त्याने तोंडाला लावली की अर्धे टाळ्या वाजवतात आणि अर्धे तोंड वाकडं करतात. सध्या शिंग फुंकतो. नेत्याच्या वाढदिवसाला येत नाही, कोणाच्याही. लग्नात नवरदेवाच्या एन्ट्रीला दोन बाजूंना मावळे उभे करतात त्यालाही येत नाही. पैसे बरे मिळतात, आमच्यातले दोघं गुपचूप गेले होते, व्हिडिओत सापडले. त्यांना शिक्षा म्हणून पुढच्या वर्षी परत मुघल.

घोडे असतात का?

एकदा भाड्याने आणलेला. वरातीतला होता. हलगी वाजली तशी लढाई सोडून नाचायला लागला.

पत्री सरकार का करत नाही? ते तर खास आपल्या भागातलं.

हे विचारणारे बहुतेक वयस्कर असतात आणि प्रेमाने विचारतात. पत्री सरकार म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार, त्यांनी १९४३ मध्ये शेणोलीला पगाराची रेल्वेगाडी लुटली, ती गोष्ट ऐकतच आम्ही वाढलोय. पण त्यातल्या माणसांची मुलं, सुना अजून आपल्या गावांत आहेत. ज्याच्या बापाला मार बसला त्याचं घर आणि ज्याने मारला त्याचं घर एकाच आळीत असू शकतं. तिथे आपण जाऊन सोंग आणायचं हे बरं नाही वाटत. आमचा ठरलेला नियम आहे, ज्या प्रसंगातल्या माणसाची मुलं जिवंत आहेत तो प्रसंग करायचा नाही. त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहून ठेवतो, तेवढं करतो.

मरणाचा खेळ करताय, काहीच वाटत नाही?

वाटतं. सुरुवातीला उलटाच प्रॉब्लेम होता, कोणी मरायलाच तयार नव्हतं. समोरच्याने चार वार केले तरी आपला उभाच. मग चिठ्ठ्या आल्या. सकाळी प्रत्येकाने एक उचलायची, त्यावर लिहिलेलं असतं: पहिल्या चकमकीत मेला, जखमी, पळाला, वाचला. कोणाला दाखवायची नाही. सुरुंगाच्या वेळी बुरूज कोसळतो तेव्हा आम्ही गोवऱ्यांची राख उधळतो आणि ‘पहिल्या चकमकीत मेला’वाले सगळे एकदम खाली. राख खाली बसेपर्यंत आणि नंतर गडावरून कोणीतरी नावं पुकारेपर्यंत हलायचं नाही, साधारण वीस मिनिटं. उन्हात, उसाच्या बुडख्यांवर पाठ टेकून. प्रेक्षक पहिली दोन मिनिटं टाळ्या वाजवतात, मग शिट्ट्या, मग हळूहळू गप होतात. एका वर्षी एक लहान मुलगी मध्येच रडायला लागली, तिचा बाप खाली पडलेल्यांत होता. त्याने पडल्या पडल्या एक डोळा उघडून तिला मिचकावला. नियमात बसत नाही, पण आम्ही काही बोललो नाही.

मला यायचंय. काय करू?

बिनजरीचं सुती कापड साडेपाच-सहा मीटर घ्या, टेलर आमचा आहे, शिलाई चहावर. घड्याळ, अंगठी, मोबाईल घरी. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर त्या मात्र आणायच्या, उपाशी गटात अशा माणसाला घेत नाही. अठराच्या आतल्यांना हत्यार नाही, पण पखाल आहे.

पहिलं वर्ष मुघल, आणि नवीन माणसाला चिठ्ठी उचलायला मिळत नाही, तो पहिल्या चकमकीतच मरतो. मरताना चपला पायातच ठेवा. मागच्या वेळी एकाने आरामात पडता यावं म्हणून काढून बाजूला ठेवलेल्या, वीस मिनिटांनी उठला तर गेलेल्या, आणि तो अनवाणी लिंब फाट्यापर्यंत आला.